उंदरांचा पोळा

खोलीत चोवीस पांढरे उंदीर होते. सगळे नर, सगळे तीन महिन्यांच्या आसपासचे, शेपटीवर काळ्या शाईचे पट्टे ओढून ओळख ठेवलेले. पत्र्याचे सोळा टब होते. प्रत्येक टबात मधोमध एक मातीची कुंडी पालथी घातलेली. आठ कुंड्यांचं बूड अडीच इंच रुंद, आठांचं सहा इंच. पाणी बुडाच्या खाली बोटभर. उरलेल्या आठ उंदरांसाठी आठ कोरडे पिंजरे. एक लाकडी भुलभुलैया, सहा वळणांचा. दोन स्टॉपवॉच, त्यांतलं एक बंद. एक थर्मामीटर, आणि त्याच्या शेजारी सुतळीला बांधलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. सोळा वाट्या. पितळेच्या डब्यात चिंचोके, मोजून पाचशे. दाराशी एक स्टूल, आणि स्टुलावर राधाकृष्ण.

बहात्तर सालचा सप्टेंबर होता. नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या इमारतीमागे ही खोली होती. पूर्वी तिथे सायकली ठेवायचे. राधाकृष्ण मूळचा सोनईचा, एम.एस्सी. होऊन दीड वर्षापूर्वी इथे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलेला. जागा हंगामी. सप्टेंबरअखेर मुदत संपायची आणि हातात संशोधनाचं काम असलं तरच ती वाढायची. हे काम म्हणजे हा प्रयोग.

प्रयोग सांगायला सोपा होता. उंदीर लहान कुंडीवर बसू शकतो, डुलकीही घेऊ शकतो. पण झोप खोल गेली की त्याची मान सैल पडते, अंग सैल पडतं आणि तो पाण्यात जातो. दचकून जागा होतो, धडपडत वर चढतो, पुन्हा बसतो. मोठ्या कुंडीवरचा उंदीर सगळं अंग टाकून निजू शकतो. त्याच्या भोवती पाणी तेवढंच, पण झोप शाबूत. कोरड्या पिंजऱ्यातल्याला पाणीही नाही. आठ दिवस खपून राधाकृष्णाने चोवीसही उंदरांना भुलभुलैया शिकवला होता. दुसऱ्या टोकाला भिजवलेला हरभरा ठेवायचा आणि उंदीर किती सेकंदांत तिथवर पोचतो ते लिहायचं. आता बहात्तर तास त्यांना कुंड्यांवर ठेवायचं आणि मग पुन्हा भुलभुलैयात सोडायचं. न झोपलेल्यांना वाट आठवते की नाही, एवढंच बघायचं.

अडचण पाण्याची होती. शहरात नळ तिसऱ्या दिवशी यायचा, तोही तासभर. सोळा टबांना तेरा बादल्या लागत होत्या. प्रिन्सिपॉलांनी अर्जावर एका ओळीत लिहून दिलं होतं, की पाणी एकदाच मिळेल. राधाकृष्णाचे मार्गदर्शक गंधे सर यांनीही तेच बजावलं. बहात्तर तास सलग झाले तर झाले. मधे खंड पडला तर दुसऱ्यांदा टब भरायचे नाहीत.

उंदरांची देखभाल पुंजाराम करायचा. पन्नाशी ओलांडलेला, जामखेडकडच्या एका खेड्यातला, रोजंदारीवरचा गडी. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून उंदीर पाण्यात पडला की त्याच्या वाटीत एक चिंचोका टाकायचा, ही युक्ती त्याचीच. गावाकडे मेंढरं मोजायला हीच रीत होती म्हणे. रोज सकाळी सहाला चिंचोके मोजून लिहायचे आणि वाट्या रिकाम्या करायच्या. राधाकृष्ण त्याला पुंजामामा म्हणायचा. पुंजामामा उंदरांना जितराब म्हणायचा. ‘माजी कालेजात शिकल्याली जितराबं,’ असं तो शिपायांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा. त्याची खरी जितराबं म्हणजे दोन बैल, हरण्या आणि चांद्या. वैरण संपली तेव्हा चांद्या विकला. हरण्याला कुणी घेईना, त्याला गुरांच्या छावणीत नेऊन बांधला, आणि आषाढात तो तिथेच बसला तो उठला नाही. तेव्हापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असं पुंजाराम एकदा पिंजरा धुता धुता म्हणाला होता. राधाकृष्णाने त्या वेळी नुसती मान हलवली होती.

मंगळवारी सकाळी सहाला उंदीर कुंड्यांवर चढवले.

ठरलं होतं असं की रात्री राधाकृष्णाने मोजायचं, दिवसा पुंजारामने, आणि दिवसा राधाकृष्णाने शेजारच्या खोलीत झोप काढायची. पण मंगळवारी दिवसभर त्याचा पाय निघेना. चिंचोक्यांवर त्याचा भरवसा होता, पुंजारामवर होता, तरी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं पडणं आणि दुसऱ्याने वाटीत टाकलेला चिंचोका हे त्याला एकसारखं वाटत नव्हतं. तो स्टुलावरच बसून राहिला. पहिल्या चोवीस तासांत लहान कुंडीवरचा प्रत्येक उंदीर सरासरी एकोणतीस वेळा पाण्यात पडला. मोठ्या कुंडीवरचे एखाद-दुसऱ्या वेळी. दर तासाला तो पाण्याचं तापमान बघायचा आणि त्याच सुतळीला बांधलेल्या पेन्सिलने कार्डावर लिहायचा. कार्डाला शेवटी शेऱ्याचा रकाना होता. राधाकृष्णाची सवय अशी की काही ठरवलं, कुणाला काही सांगितलं, की वेळ घालून तिथे टिपून ठेवायचं.

बुधवारी दुपारी त्याची मान पुढे गेली आणि तो स्टुलावरून पडता पडता सावरला. पुंजाराम बघत होता.

‘‘सायेब, तुमची बी कुंडी ल्हानच हाय की,’’ तो म्हणाला.

राधाकृष्ण हसला. पुंजारामने त्याला जाऊन पडायचा आग्रह केला, मी हाय ना म्हणाला, पण तो उठला नाही. संध्याकाळपर्यंत उंदरांच्या डोळ्यांभोवती तांबडी कडी धरली होती. अंगावरचे केस पिंजारलेले. पडल्यावर वर चढायला आता त्यांना आधीपेक्षा दुप्पट वेळ लागत होता. राधाकृष्णाने ते वहीत लिहिलं. पुंजाराम नुसता टबांमधून फिरत राहिला आणि सहा वाजता घरी गेला.

गुरुवारी सकाळी पुंजाराम आला तेव्हा उजाडत होतं. राधाकृष्णाला नंतर त्या सकाळचं एवढंच आठवत होतं: थर्मामीटरचा पारा दोन-दोन दिसत होता, ओल्या कुंड्यांचा मातकट वास होता आणि पुंजारामच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मग शेजारच्या खोलीतलं टेबल, आणि पुढे काहीच नाही.

जाग आली तेव्हा घड्याळात पाच वाजले होते. सकाळचे की संध्याकाळचे हे कळायला त्याला खिडकीपर्यंत जावं लागलं. सलग इतका वेळ तो परीक्षा संपल्यावरही झोपला नव्हता. पाय ओढत तो उंदरांच्या खोलीत आला.

उंदीर कुंड्यांवर होते. पण सोळाच्या सोळा वाट्या रिकाम्या होत्या. चिंचोक्यांचा डबा झाकलेला होता. त्याने वाकून पाहिलं, तर पहिल्या टबातल्या उंदराच्या कपाळावर हळदीचा टिळा होता. दुसऱ्याच्याही. कोरड्या पिंजऱ्यातल्यांच्याही. चोवीस उंदीर आणि चोवीस टिळे. कोपऱ्यात कडब्याची बारीक कुट्टी अंथरलेली होती आणि तिच्यावर पुरणपोळीचा चुरा सांडला होता. रेशनच्या गव्हाची, गुळाची, भाकरीएवढ्या जाडीची ती पोळी होती.

पुंजाराम दाराशी उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी.

त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. साडेसहाला त्याने सगळ्यांना कुंड्यांवरून उतरवलं, फडक्याने पुसलं, कुट्टीवर ठेवलं. उतरवल्याबरोबर ती झोपली, एकमेकांच्या अंगावर पडून, हलवली तरी उठेनात. साळूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, पहाटे करून दिलेली पोळी त्याने दुपारी त्यांना चारली. चारच्या सुमाराला परत ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवली. आज पोळा होता. घरी दावणीला कुणी नव्हतं. जन्मापासून असा पोळा त्याने पाहिला नव्हता. आणि पोळ्याच्या दिवशी कुठल्याही जितराबाला कामाला लावत नाहीत, एवढी गोष्ट त्याला माहीत होती.

राधाकृष्ण भिंतीला टेकून खाली बसला. साडेनऊ तास. बहात्तरमधले साडेनऊ तास हे उंदीर घोरत पडले होते. त्याने मनात हिशेब करून पाहिला, दुसऱ्यांदा करून पाहिला. काहीही केलं तरी प्रयोग उरत नव्हता.

‘‘मामा, कुणाला विचारून केलंत हे?’’

‘‘तुमालाच की,’’ पुंजाराम म्हणाला. ‘‘सकाळच्याला इचारलं. तुमी म्हनलात, सोडा.’’

‘‘मी असं म्हणेन का?’’

पुंजाराम राधाकृष्णाच्या तोंडाकडे बघत राहिला, तिथे काही सापडतं का ते शोधत असल्यासारखा.

शुक्रवारी सकाळी सहाला बहात्तर तास संपले. तोवर राधाकृष्णाने तापमानाच्या कार्डाला पुन्हा हात लावला नव्हता. गंधे सरांनी सांगितलं की झालं ते झालं, तरी उंदीर भुलभुलैयात सोडून आकडे घेऊन ठेव. राधाकृष्णाने चोवीस उंदीर एकामागून एक सोडले, चालू स्टॉपवॉचवर वेळा घेतल्या, रफ वहीत उतरवल्या. बेरीज केली नाही. बेरीज करून काय मिळणार होतं. दुपारी ठरल्याप्रमाणे उंदरांना क्लोरोफॉर्म देऊन मेंदू काढून ठेवायचे होते. तेही त्याने केलं. टबांतलं पाणी वसतिगृहामागच्या बायका हंड्यांतून घेऊन गेल्या. कुणीतरी विचारलं, यात पोरं आंघोळ करतील तर चालेल का. त्याने हो म्हटलं.

चार वाजता गंधे सरांनी दोघांना खोलीत बोलावलं. सर चिडलेले नव्हते. चिडण्यापेक्षा वाट काढण्याकडे त्यांचा कल असायचा. त्यांनी राधाकृष्णाला समजावलं की पाण्यासाठी पुन्हा अर्ज करता येईल, जानेवारीत टँकर वाढतील म्हणतात, आणि तोवर तुझी मुदतही वाढवून घेता येईल. मात्र कारण दाखवावं लागेल. नोकराने परस्पर प्रयोग बिघडवला असेल तर प्रिन्सिपॉल ऐकतील. प्रयोग करणाऱ्यानेच बिघडवला असेल तर कोण ऐकणार. तेव्हा एकच प्रश्न आहे.

‘‘तू याला परवानगी दिली होतीस?’’

राधाकृष्णाने खरोखर आठवून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. पारा होता, मातीचा वास होता, फडकं होतं. प्रश्न नव्हता. उत्तरही नव्हतं. जिथे ते असायला हवं होतं तिथे कोरी जागासुद्धा नव्हती. फडक्याला लागूनच टेबल होतं.

‘‘नाही, सर.’’

गंधे सरांनी पुंजारामकडे पाहिलं. पुंजारामने टोपी काढून हातात घेतली होती. तो भांडेल, शपथ घेईल, असं राधाकृष्णाला वाटलं होतं. त्याने पुन्हा एकदा राधाकृष्णाकडे पाहिलं आणि मग खाली.

‘‘सायेब न्हाई म्हनत्यात तर नसंल इचारलं,’’ तो म्हणाला. ‘‘शिकल्याली मानसं हायती, त्यांच्या ध्यानात ऱ्हातं. मला लई दिवस झोप न्हाई. माजंच डोस्कं फिरलं असंल.’’

कारकुनाने कागद आणला. पुंजारामने अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसायची नाही म्हणून हात अंगापासून लांब धरून बाहेर गेला.

शनिवारी राधाकृष्ण पक्की वही लिहायला बसला. प्रयोग फसला तरी नोंदी उतरवायच्या, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. पडण्याचे आकडे झाले. मग त्याने टबाच्या कडेची सुतळी सोडून तापमानाचं कार्ड काढलं. मंगळवार, बुधवार उतरवला. गुरुवारच्या पहाटेपासून अक्षर लडबडलेलं होतं, आकडे रकान्यांच्या बाहेर गेले होते. सकाळी सहाचं तापमान होतं, चोवीस अंश. त्याच्या पुढे, शेऱ्याच्या रकान्यात, खाली उतरत गेलेल्या ओळीत लिहिलं होतं:

‘६.१०. पुंजामामा विचारतात, पोळा आहे, उंदरांना आज सोडू का. होय सांगितले.’

अक्षर त्याचं होतं. ‘होय’मधल्या ह ला तो लहानपणापासून घालायचा तसा गाठीसारखा पीळ होता. त्याने ओळ पुन्हा वाचली. दुसऱ्याचं पत्र चुकून उघडावं तसं त्याला वाटलं. ओळ वाचूनही आठवण आली नाही. तो तासभर बसला, पण ती सकाळ काही परत आली नाही.

सोमवारी त्याने कार्ड गंधे सरांपुढे ठेवलं. सरांनी ते वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली आणि चहा मागवला. चहा आल्यावर शांतपणे म्हणाले की अहवाल शनिवारीच वर गेला आहे. रोजंदारीच्या जागेवर आज सकाळी हेडक्लार्कचा भाचा हजर झाला. हे कार्ड वर गेलं तर तुझं पाणी जाईल, तुझी जागा जाईल आणि त्या माणसाला काही मिळायचं नाही.

‘‘पुठ्ठाच आहे,’’ ते म्हणाले. ‘‘ओला झाला असता तर?’’

राधाकृष्णाने कार्ड उचललं. त्याच दिवशी त्याने प्रिन्सिपॉलांना हाताने पत्र लिहिलं, शेऱ्याची ओळ जशीच्या तशी उतरवून, आणि दिलं. उत्तर दोन दिवसांत आलं. पाण्याचा अर्ज नामंजूर. मुदतवाढ नाही. पुंजारामबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तो पुन्हा विचारायला गेला तेव्हा कारकून म्हणाला, ज्याचं नाव कमी झालं त्याला परत घेता येत नाही, तसा नियम आहे, आणि जागा तरी कुठे आहे.

रविवारी तो जामखेडच्या एस.टी.त बसला. पुंजाराम गावाकडे परतला होता. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. चारएकशे माणसं उन्हात खडी फोडत होती. साळूबाईनेच त्याला आधी पाहिलं. तिच्या डोक्यावर पाटी होती. तिने हनुवटीनेच पलीकडे दाखवलं.

पुंजाराम एका खडकाच्या आडोशाला बसून फोडत होता. राधाकृष्णाला बघून तो उठू लागला. राधाकृष्ण त्याच्यापुढे खाली बसला. कसं सांगायचं ते गाडीत चार वेळा घोकलेलं, त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

‘‘मामा, तुम्ही विचारलं होतं. मीच हो म्हटलं होतं. कार्डावर लिहिलेलं सापडलं. माझ्याच हातचं.’’

पुंजारामने हातोडा खाली ठेवला.

‘‘म्हंजी इचारलं हुतं मी.’’

‘‘हो.’’

‘‘आसं.’’ त्याने फोडलेली खडी हाताने बाजूला लोटली. ‘‘मी साळूला सांगून ठिवलं हुतं, मला आता काय काम सांगत जाऊ नको म्हनून. याद ऱ्हात न्हाई. घरचं दार लावलं का न्हाई, ते बी तिला इचारतो.’’

साळूबाई पाटी घेऊन जवळ येऊन थांबली होती. ती म्हणाली, दार रोज लावलेलंच असतं. रोज विचारतात. रात्री चार-चार वेळा उठून विचारतात. आता हे कार्ड दाखवलं म्हणून विचारायचे थांबतील का, ते सायबांनीच सांगावं. राधाकृष्णाने कार्ड खिशातून काढलं होतं, पण पुंजारामला वाचता येत नव्हतं. त्याने ते हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, हाताची धूळ त्याला लागली तशी फुंकली आणि परत दिलं.

कामावर परत घेतील का, हे त्याने विचारलं नाही. राधाकृष्णाने आपणहून सांगितलं की विचारलं होतं, पण नाही म्हणाले. माझंही गेलं, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे फेड केल्यासारखं झालं असतं, आणि फेड झाली नव्हती.

लांबून मुकादमाने हाक मारली. पुंजारामने हातोडा उचलला.

‘‘उंदरं बरी हायती ना?’’

राधाकृष्ण उठला. पँटची धूळ झटकायला वाकला, तेवढा वेळ त्याला मिळाला.

‘‘नाहीत आता, मामा. शुक्रवारीच.’’

पुंजारामने मान हलवली. मग दगड पायाने नीट बसवला आणि घाव घातला. त्याने पुन्हा वर पाहिलं नाही, तेव्हा राधाकृष्ण रस्त्याकडे वळला. परतीची गाडी दीड तासाने होती.

सप्टेंबरच्या तीस तारखेला त्याला खोलीची किल्ली द्यायची होती. त्याआधी त्याने कुंड्या धुऊन एकात एक रचल्या, टब पालथे घातले, चिंचोके मोजून डब्यात भरले. चारशे अठ्ठ्याण्णव होते. पक्क्या वहीत त्याने गुरुवारच्या पानावर ते कार्ड डिंकाने चिकटवलं आणि त्याच्या खाली लिहिलं, ‘नोंद करणाऱ्याचे जागरण, मंगळवारी पहाटे पाचपासून, या वेळी ४९ तास १० मिनिटे. नोंद केल्याचे आठवत नाही.’ मग रफ वहीतल्या शुक्रवारच्या वेळा समोर घेतल्या आणि इतके दिवस न केलेली बेरीज केली. प्रत्येक गटाला आठने भागलं. पुन्हा भागून पाहिलं.

भुलभुलैया पार करायला लागलेला सरासरी वेळ, शिकवणीच्या शेवटच्या दिवशी, चोवीस उंदीर: १४ सेकंद.

शुक्रवारी, कोरडे पिंजरे: १४ सेकंद. मोठी कुंडी: १५ सेकंद. लहान कुंडी: १४ सेकंद.